घर कुठे घ्यायचं, हे कोण ठरवतं?

(भाईंदर पूर्वेला महिला मंडळं आणि बचत गट यांच्या एकत्र बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



मागच्या बैठकीत आपण कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यावर बोललो होतो. बैठक संपल्यावर, चहाच्या वेळी, मागच्या रांगेतल्या एका काकूंनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "ताई, लेकाचं लग्न ठरलंय. नालासोपाऱ्याला मोठी जागा मिळते, इथे मीरा रोडला तेवढ्याच पैशात एक खोली आणि स्वयंपाकघर. काय करू?" मी म्हटलं, होणाऱ्या सुनेला विचारलंत का? त्या हसल्या. "तिला काय विचारायचं? ती अजून यायचीय."

घरी जाताना मी विचार करत होते की या काकूंनी काही वेगळं सांगितलेलं नाही. आपल्यापैकी बहुतेकींच्या घराची निवड अशीच, आपण 'यायच्या' आधी किंवा आपल्याला वगळून झालेली आहे. म्हणून आज हाच विषय घेतला. यात कायदा थोडा आहे, हिशोब जास्त आहे.

आधी आपल्या गावाकडे बघू. १९८५ साली इथल्या काही ग्रामपंचायती एकत्र करून मीरा-भाईंदर नगर परिषद झाली. १९९१ च्या जनगणनेत इथली लोकसंख्या होती सुमारे १ लाख ७५ हजार. २००१ साली ती सुमारे ५ लाख २० हजार झाली, २००२ मध्ये महानगरपालिका आली, आणि २०११ च्या जनगणनेत आपण ८ लाख ९ हजार होतो. वीस वर्षांत साडेचार पट. एवढी माणसं काही इथे जन्मली नाहीत. ती कुठून तरी उठून आली. परळ, लालबाग, गिरगाव, जोगेश्वरी, कोकण, उत्तर प्रदेश, राजस्थान. म्हणजे एवढ्याशा पट्ट्यात दीड-दोन लाख कुटुंबांनी 'घर कुठे घ्यायचं' हा निर्णय घेतला. आता हात वर करा : तुमच्यापैकी किती जणींनी टोकनचे पैसे देण्याआधी घर पाहिलं होतं?

(सुमारे सत्तर बायकांत अकरा हात वर झाले.)

मी माझ्या आईचं सांगते. ती इथे बसलेली नाही, त्यामुळे मोकळेपणाने सांगता येईल. आम्ही परळला चाळीत राहायचो, दहा बाय बाराची खोली, पागडीची, भाडेपावती आजोबांच्या नावावर. आई प्रभादेवीला एका खासगी कचेरीत टायपिस्ट होती. चालत पंधरा-वीस मिनिटं. १९९५ साली खोली विकली, घरमालकाचा हिस्सा गेला, उरलेल्या पैशात भाईंदरला फ्लॅट घेतला. बाबा आणि त्यांचे एक सहकारी रविवारी येऊन बघून गेले. स्टेशनपासून किती लांब, फुटाचा भाव काय, बिल्डर भरवशाचा आहे का, हे त्यांनी विचारलं. यात बाबांचं काही चुकलं असं मी म्हणत नाही, त्यांनी जिवाचं रान करून ते घर केलं. पण आईला विचारलं गेलं ते एवढंच, की ओट्याला कुठल्या रंगाची फरशी लावायची. तिने हिरवी सांगितली. ती अजून आहे.

आईने त्यानंतर चौदा महिने नोकरी केली. मग माझ्या धाकट्या बहिणीला टायफॉइड झाला, बघायला कोणी नव्हतं, आणि आई घरी बसली. आमच्या नातेवाइकांत आजही असंच सांगतात, की "तिने मुलींसाठी नोकरी सोडली." मी समाजकार्याचं शिक्षण घ्यायला लागले तोवर माझाही त्यावर विश्वास होता. पण चाळीत असताना मुली होत्याच की, आणि तेव्हाही आजारी पडत होत्या! तेव्हा शेजारच्या मावशी होत्या, आणि कचेरी हाकेच्या अंतरावर होती. मुलींमुळे नोकरी सुटली नाही. घर तीस-पस्तीस किलोमीटर सरकलं म्हणून सुटली.

बाईच्या कमाईचं आणि जागेचं नातं पुरुषाच्या कमाईपेक्षा वेगळं असतं, हे आपल्या चळवळीने गिरणगावात पाहिलेलं आहे. गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांना एकत्र करून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. त्या बायकांचं भांडवल काय होतं? एक स्टो, चार पातेली, आणि पलीकडच्या गिरणीत पाळी करणारे वीस-पंचवीस गडी. जानेवारी १९८२ मध्ये संप सुरू झाला, पुढे गिरण्या बंद पडत गेल्या आणि कुटुंबं खोल्या विकून डोंबिवली, नालासोपारा, विरार, भाईंदरला पांगली. पुरुषाला इथे येऊन वॉचमनची का होईना, नोकरी शोधता आली. खानावळवालीने पातेली आणली, पण जेवणारे कुठून आणायचे? घरकामाला जाणाऱ्या बाईचंही तेच. तिची चार घरं म्हणजे तिचा कारखाना, आणि तो चालत जाण्याच्या अंतरावर लागतो. मुंबईत रेल्वे आणि रस्त्यांच्या प्रकल्पांसाठी झोपड्या हलवून लोकांना मानखुर्दला, वाशी नाक्याला, माहुलला घरं दिली, तेव्हा किती बायकांची कामं गेली हे त्या वस्त्यांत काम करणाऱ्या कोणालाही विचारा. कागदावर त्यांचं पुनर्वसन झालं होतं.

आता तुम्ही म्हणाल, ही ताई चाळीचे गोडवे गायला उभी राहिली. तसं नाही. मी एकदा आईला विचारलं, परत जाशील का परळला? ती म्हणाली, "संडास घरात आला, याचा अर्थ तुला नाही कळणार." पहाटे चारला उठून रांग लावणं, पाळीच्या दिवसांत दहा डोळ्यांसमोरून डबा घेऊन जाणं, सासऱ्यांच्या समोर कपडे बदलायला जागा नसणं, हे सगळं भाईंदरच्या त्या साडेतीनशे फुटांनी संपवलं. दार लावून बसता येणं ही बाईच्या आयुष्यात मोठी गोष्ट आहे. तेव्हा लांब येणं वाईटच असतं असं माझं म्हणणं नाही. त्याची किंमत किती आणि ती कोणाच्या खिशातून गेली, हे घेण्याआधी मांडलं जात नाही, ही माझी तक्रार आहे.

तर मांडू. घराच्या दारापासून शेअर रिक्षा किंवा पायी स्टेशन, गाडीची वाट, सुमारे तासाभराचा प्रवास, उतरून पुढे बस. चर्चगेटला नोकरी असेल तर एका बाजूने दीड तास धरा. दिवसाचे तीन. वर्षाचे तीनशे दिवस धरले तर नऊशे तास होतात. नऊशे तास म्हणजे रात्रंदिवस मोजले तर साडेसदतीस दिवस. दरवर्षी सव्वा महिना आपण गाडीत काढतो. पुरुषही काढतो, बरोबर आहे. पण तो घरी येऊन पाय धुतो आणि आपण घरी येऊन कुकर लावतो. पेपरवाले अधूनमधून लोकलच्या बायकांच्या डब्यात मेथी निवडणाऱ्या बाईचा फोटो छापतात आणि खाली लिहितात, मुंबईच्या स्त्रीची जिद्द. मला तो फोटो पाहिला की वाटतं, हिचं स्वयंपाकघर गाडीपर्यंत आलं, आणि आपण टाळ्या वाजवतोय.

पश्चिम रेल्वेने ५ मे १९९२ रोजी पहिली लेडीज स्पेशल सोडली, चर्चगेट ते बोरिवली, आणि दुसऱ्या वर्षी ती विरारपर्यंत नेली. तेव्हा भाईंदर-मीरा रोडच्या बायकांना किती बरं वाटलं होतं, हे जुन्या बायका सांगतात. पण गर्दीत आपण सगळ्या एकमेकींवरच चिडतो. विरार गाडीत भाईंदरची बाई चढली की आतल्या बायका तिला दारात अडवतात, आणि आपणही दहिसरवालीला तेच ऐकवतो. नऊशे तास ज्यांनी आपल्या डोक्यावर टाकले ते त्या डब्यात नसतात.

२०१७ साली प्रसूती लाभ कायद्यात दुरुस्ती झाली. रजा सव्वीस आठवड्यांची झाली, आणि पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय करायला सांगितली. चांगला कायदा आहे. पण पाळणाघर कचेरीत आणि घर भाईंदरला. आठ-सव्वाआठच्या गाडीत सात महिन्यांचं मूल घेऊन चढून दाखवा! पाळणाघर घराजवळ लागतं, हे ज्यांना रोज लोकलने जावं लागतं त्यांना विचारलं असतं तर कळलं असतं.

दहिसर नाका ओलांडला की भाव का उतरतो, हे आपण विचारत नाही. उतरतो म्हणून खूश होतो. पिनकोडमध्ये चारशेचा चारशे एक होतो, पण बदल तेवढाच नसतो. मुंबई महापालिकेच्या तलावांचं पाणी, दवाखाने नाक्याअलीकडे राहतात. आपल्याकडे पाणी येतं शहाड-टेमघरच्या प्राधिकरणाकडून आणि एमआयडीसीकडून, आणि वस्ती ज्या वेगाने वाढली त्या वेगाने ते कधीच वाढलं नाही. सूर्या धरणाच्या योजनेतून आपल्या वाट्याला रोज २१८ दशलक्ष लिटर ठरले आहेत. त्या आकड्यावर कित्येक निवडणुका झाल्या. पाण्याची वेळ ही बाईच्या नोकरीची वेळ ठरवते, हे घर विकणारा सांगत नाही. आमच्या केंद्रात एक बाई आली होती, तिच्या इमारतीत पाणी सकाळी दहाला यायचं आणि टाकी नावापुरती होती. साडेनवाला घर सोडावं लागेल अशी कुठलीही नोकरी तिला करता आली नाही. तीन वर्षं. नवरा म्हणायचा, हिला कामाची आवड नाही.

आणि न्याय? आपण ठाणे जिल्ह्यात. पोटगीचा अर्ज असो की हिंसाचाराचा, तारखेला ठाण्याला जायचं. इथून ठाण्याला सरळ गाडी नाही. एक तर दादरला जाऊन उलटं फिरा, नाही तर घोडबंदर रोडची बस धरा आणि गायमुखच्या घाटात अडकून बसा. मूल कडेवर, डबा पिशवीत, आणि तिथे गेल्यावर पुढची तारीख. मी अशा बायका पाहिल्या आहेत ज्यांनी खटला हरला नाही, प्रवासाला कंटाळून सोडला. पोलिसांचंही २०२० पर्यंत ठाणे ग्रामीणच होतं. त्या वर्षी १ ऑक्टोबरला मीरा-भाईंदर, वसई-विरार आयुक्तालय सुरू झालं, आणि २०२५ च्या मार्चमध्ये आपल्या शहराला स्वतःचं न्यायालय मिळालं. गाव १९८५ चं, न्यायालय २०२५ चं. मधल्या चाळीस वर्षांचे बसभाडे कोण मोजणार?

बंद दाराबद्दल मघाशी चांगलं बोलले, आता दुसरी बाजू. चाळीत नवऱ्याने हात उचलला तर निदान गॅलरीत चार माणसं जमायची. नेहमी मदत करायची असं नाही, "दोघांचं आहे, मिटेल" म्हणणारी जास्त. पण कळायचं तरी. इथे तिसऱ्या मजल्यावर काय चाललंय हे दुसऱ्याला कळत नाही, टीव्हीचा आवाज मोठा केला की झालं. त्यात माहेर लालबागला राहिलेलं, नाही तर रत्नागिरीला. आमच्याकडे आलेल्या एका बाईने पहिल्या मारापासून दार वाजवेपर्यंत दोन वर्षं घेतली. मी विचारलं, शेजारी कोण? म्हणाली, नाव माहीत नाही, पाटीवर आडनाव आहे. म्हणून मी नव्या घरात गेलेल्या प्रत्येकीला सांगते, पहिल्या आठवड्यात जिन्यातल्या चार बायकांची ओळख करून घ्या. पडदे नंतर लावा. १८१ आणि ११२ हे नंबर आहेतच, पण तो फोन कधी कधी शेजारणीलाच करावा लागतो.

आपण 'निवड' म्हणतो आहोत, पण ती सगळ्यांना सारखी नाही. १९९२-९३ च्या दंगलीनंतर मुंबईतली कितीतरी मुस्लिम कुटुंबं नया नगरात आली. त्यांनी फुटाचा भाव बघून घर घेतलं नाही, रात्री झोप लागेल अशी जागा शोधली. एकट्या बाईला दलाल पहिला प्रश्न विचारतो, "मिस्टर कुठे असतात?" घटस्फोटित म्हटलं की सोसायटीला अडचण असते. कुठे आडनाव बघतात, कुठे स्वयंपाकघरात काय शिजतं ते बघतात. आणि राई, मुर्धे, मोर्वा, उत्तनच्या आगरी-कोळी बायका? त्या कुठे गेल्याच नाहीत, शहर त्यांच्यावर चालून आलं. मिठागरं गेली, आपल्या सगळ्यांचा कचरा उत्तनला धावगीच्या डोंगरावर जातो. आपण जी जागा स्वस्त म्हणून घेतली, ती कोणाला तरी महाग पडली आहे. यावर एकदा उत्तनच्या बायकांनाच बोलवायला हवं, मी त्यांच्या वतीने बोलणं बरोबर नाही.

आता नावाचं. शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम केला होता, त्यात शेकडो गावांतल्या शेतकऱ्यांनी बायकोच्या नावावर जमीन केली. १९९४ साली राज्याचं पहिलं महिला धोरण आलं. २००३ मध्ये शासनाने सांगितलं, ग्रामपंचायतीच्या नोंदीत घर दोघांच्या नावे लावा. पंतप्रधान आवास योजनेत, २०१५ पासून, घर बाईच्या नावे किंवा जोडीने असावं अशी अट आहे. म्हणजे गावात आणि गरिबाच्या घरात नाव लावायचं सरकारला सुचलं. बाजारात विकत घेतलेल्या फ्लॅटचं काय? १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. पन्नास लाखांवर पन्नास हजार. आधी पंधरा वर्षं ते पुरुषाला विकायचं नाही अशी अट होती, ती २०२३ मध्ये काढली. पण नवरा-बायको दोघांच्या नावावर घेतलं तर सवलत नाही. त्यामुळे झालंय काय, की पन्नास हजार वाचवायला बाईचं नाव लागतं, आणि घरात तिला कोणी सांगत नाही की घर तुझं आहे. "सही कर" म्हणतात.

याहून वाईट प्रकार आमच्याकडे येतो. बँकेच्या कर्जात बाई सहकर्जदार असते, कारण तिचा पगार धरला की कर्ज जास्त मिळतं. करारनाम्यात मात्र तिचं नाव नसतं. म्हणजे फेडायला दोघं, मालक एक. एका बाईने दागिने मोडून पहिला हप्ता दिला, नऊ वर्षं पगारातून कर्ज फेडलं, आणि नवऱ्याने दुसरा संसार मांडला तेव्हा तिच्याकडे पुरावा म्हणून फक्त बँकेचं पासबुक होतं. म्हणून तीन कागद वेगवेगळे ओळखा. करारनामा कोणाच्या नावावर, कर्ज कोणाच्या नावावर, सोसायटीचा भागदाखला कोणाच्या नावावर. आणि नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. नवऱ्याच्या पश्चात सोसायटी नॉमिनीशी व्यवहार करेल, पण घरावर हक्क वारसांचा.

राहण्याचा हक्क मात्र मालकीवर अवलंबून नाही, हे मागच्या वेळी बोललो ते पुन्हा सांगते. २००५ च्या कायद्याच्या कलम १७ प्रमाणे एकत्र राहत असलेल्या घरात बाईला राहण्याचा हक्क आहे, नाव असो वा नसो. मधे २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने बत्रा खटल्यात सासू-सासऱ्यांच्या मालकीचं घर त्यातून वगळलं होतं, आणि चौदा वर्षं बायका त्या निकालावर बाहेर काढल्या गेल्या. ऑक्टोबर २०२० मध्ये सतीशचंदर आहुजा खटल्यात न्यायालयाने तो अर्थ चुकीचा ठरवला. अजूनही कोणी तुम्हाला "घर सासूचं आहे, निघ" म्हणालं, तर पिशवी भरण्याआधी आमच्याकडे या. एकदा बाहेर पडलं की परत आत जाणं फार अवघड होतं.

मग घर बघायचं कसं? मी वास्तुशास्त्र सांगणार नाही. स्वतः जा, आणि रविवारी दुपारी जाऊ नका, रविवारी सगळीच घरं छान दिसतात. सोमवारी सकाळी सातला जा, मग रात्री नऊला स्टेशनपासून चालत जा. रस्त्यावर दिवे आहेत का, दुकानं उघडी असतात का, ते पायांना कळतं. जमलं तर जुलैत एकदा जा. जिन्यात भेटेल त्या बाईला पाण्याची वेळ विचारा, तिला खोटं बोलून काही मिळणार नाही. इमारतीचा भोगवटा दाखला आहे का, जमिनीचं अभिहस्तांतरण झालं आहे का, हे दलालाला विचारू नका, कागद मागा. नवी इमारत असेल तर महारेराचा नोंदणी क्रमांक बघा. आणि घरातल्या प्रत्येकाचा दिवस लिहून काढा, कोण किती वाजता निघतं, कोण परत येतं, मूल त्या वेळी कुठे असतं, म्हातारं माणूस कोणाबरोबर असतं. हा कागद नवऱ्यासमोर, सासूसमोर ठेवा. भांडण होईल. होऊ दे, वीस वर्षांच्या हप्त्यांपेक्षा एका संध्याकाळचं भांडण स्वस्त आहे.

त्या काकू आज परत आल्या आहेत, आणि होणाऱ्या सूनबाईंनाही घेऊन आल्या आहेत. मुलीची नोकरी अंधेरीला, सुटायला रात्री साडेआठ होतात. काकू मला आत्ताच सांगत होत्या की नालासोपाऱ्याची जागा खरंच मोठी आहे, आणि ते खरंही आहे. मुलगी अजून काही बोललेली नाही. तिने तिच्या दिवसाचा कागद लिहून आणलाय, तो आपण चहानंतर तिच्याकडूनच ऐकू. ज्यांनी आपल्या करारनाम्याची झेरॉक्स आणली असेल त्यांनी डावीकडच्या टेबलाजवळ बसा, वकील ताई पाच वाजेपर्यंत आहेत. ज्यांना कागद कुठे ठेवलाय तेच माहीत नाही, त्यांनीही तिथेच बसा.